लॅक्रॉसच्या आचार्या रोझाबेल सिंक्लेअर

महोत्सवाच्या स्मरणिकेंत ज्यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात त्यांत देवळाचा पाया घालणारे धर्मगुरू असतात, शाळेस जमीन देणारे दाते असतात, मुख्याध्यापक असतात, आणि परीक्षेंत अग्रस्थान मिळविणारे विद्यार्थीहि असतात. मैदानावर शिटी घेऊन उभे राहणारे शिक्षक मात्र बहुधा समूहचित्राच्या अगदीं कडेला, अर्धे झाकलेले, असे आढळतात. वास्तविक पाहतां मोठेपणीं व्याकरणाचे नियम विसरले जातात, परंतु धांवण्याची शर्यत ज्यानें शिकविली तो गुरु विसरला जात नाहीं. म्हणून या पानांवर एका क्रीडाशिक्षिकेच्या कार्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. त्या आपल्या देशांतल्या नव्हत, आणि त्यांचा खेळहि आपल्या मुलांच्या फारसा परिचयाचा नाहीं. तथापि मुलींच्या एका शाळेच्या अंगणांत एका बाईंनीं लावलेलें रोप केवढें वाढलें, हें जाणण्यासारखें आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. लॅक्रॉस खेळणाऱ्याच्या हातांत एक लांब काठी असते व तिच्या टोकाला जाळी विणलेली असते. लहानसा कठीण चेंडू या जाळींत झेलावयाचा, जाळींत घेऊनच धांवावयाचें, सवंगड्याकडे फेंकावयाचा, आणि शेवटीं प्रतिपक्षाच्या गोलांत मारावयाचा. चेंडूला हात लावण्याची खेळाडूंस मनाई. हॉकीचा गोल आणि आट्यापाट्यांतील हुलकावणी हीं एकत्र केलीं, व चेंडू जमिनीवरून उचलून हवेंत नेला, म्हणजे या खेळाची कांहींशी कल्पना येईल.

हा खेळ युरोपियन लोकांनीं निर्माण केलेला नाहीं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील मूळ रहिवासी तो शतकानुशतकें खेळत आले. हॉदेनोशोनी, ज्यांना फ्रेंच लोक इरॉक्वा म्हणत, त्यांच्या समजुतीप्रमाणें हा निर्मात्यानें दिलेला खेळ आहे. तो त्याच्या संतोषार्थ खेळावयाचा आणि आजाऱ्याला आराम पडावा म्हणूनहि खेळावयाचा. येशूसंघीय धर्मगुरू जाँ द ब्रेबफ यांनीं सन १६३६ च्या आपल्या वृत्तांतांत हुरॉन लोकांच्या अशाच एका खेळाची हकीकत लिहून ठेविली आहे. गांवांत दुखणें आलें असतां तेथील वैदू हा खेळ खेळण्याचा उपाय सांगत, असें त्यांनीं पाहिलें होतें, आणि तें त्यांना मुळींच पसंत नव्हतें. हेच फादर ब्रेबफ पुढें १६४९ सालीं रक्तसाक्षी झाले व १९३० सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. काठीचा आकार बिशपांच्या दंडासारखा दिसला म्हणून त्यांनीं खेळाला ‘ला क्रॉस’ हें नांव दिलें, अशी एक गोष्ट अनेक पुस्तकांतून सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, परंतु फ्रान्समध्यें वांकड्या काठीनें खेळावयाच्या कोणत्याहि खेळाला त्या काळीं हाच शब्द लावीत असत; तेव्हां या नांवासाठीं बिशपांच्या दंडाची आवश्यकता आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

मॉन्ट्रियल येथील दंतवैद्य जॉर्ज बीअर्स यांनीं सन १८६७ मध्यें या खेळाचे नियम छापील रूपांत बसविले. १८७६ सालीं ते मोहॉक व गोरे अशा दोन्ही संघांस घेऊन इंग्लंडांत गेले व विंडसर येथें व्हिक्टोरिया राणीपुढें सामना झाला. पण पुढें चारच वर्षांनीं, मूळ रहिवासी पैसे घेऊन खेळतात असें निमित्त करून, कॅनडांतील हौशी संघांच्या स्पर्धांतून त्यांनाच वगळण्यांत आलें. ज्यांच्या घरचें अन्न, त्यांनाच पंगतींतून उठविण्यासारखा हा प्रकार झाला.

आतां या खेळाचा मुलींशीं संबंध कसा आला तें पाहूं. सन १८८४ मध्यें लुईसा लम्स्डेन नांवाच्या एक स्कॉटिश विदुषी अमेरिकेच्या प्रवासास गेल्या होत्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजचा उगम ज्या छोट्या वर्गांत झाला, त्या १८६९ च्या वर्गांतील पहिल्या पांच विद्यार्थिनींपैकीं त्या एक होत. स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज गांवीं १८७७ सालीं मुलींची जी शाळा निघाली, व जी पुढें सेंट लेनर्ड्स या नांवानें प्रसिद्धीस आली, तिच्या पहिल्या मुख्याध्यापिकाहि त्याच. मॉन्ट्रियलचा संघ आणि जवळच्याच काहनवाके वसतींतील मोहॉक संघ यांचा सामना त्यांनीं पाहिला आणि त्या मोहित झाल्या. काहनवाके ही वसती मूळ येशूसंघीय धर्मगुरूंच्या मिशनांतून वाढली. तेथील देवळाचे आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचा देह आपल्या गोव्यांत विसावला आहे. आणि त्याच देवळांत संत कातेरी तेकाक्विथा हिचे अवशेष जतन केलेले आहेत. मूळ रहिवासी लोकांतील या कन्येला २०१२ सालीं संतपद मिळालें. लम्स्डेनबाईंना भुरळ घालणारे खेळाडू या वसतींतले होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल म्हणून येथें मुद्दाम नमूद केली.

लम्स्डेनबाईंच्या या आवडींतून सेंट लेनर्ड्सच्या मैदानावर लॅक्रॉस आलें, आणि १८९० सालीं तेथें मुलींचा पहिला सामना झाला. त्या वेळीं शाळेची सूत्रें फ्रान्सिस डव्ह यांच्या हातीं होतीं. शाळेची जागाहि पाहण्यासारखी आहे. धर्मक्रांतीच्या धामधुमींत उद्ध्वस्त झालेल्या प्राचीन कॅथीड्रलचे भग्न मनोरे शेजारीं उभे आहेत, आणि मठाच्या जुन्या तटाच्या आंत, जेथें एके काळीं संन्यासी फिरत, तेथें घागरे घातलेल्या मुली जाळीच्या काठ्या घेऊन धांवूं लागल्या. १८९६ सालीं डव्हबाईंनीं इंग्लंडांत विकम अ‍ॅबी ही शाळा काढली आणि हा खेळ बरोबर नेला. १९१२ पर्यंत तो इतक्या ठिकाणीं पसरला होता कीं, स्त्रियांची स्वतंत्र लॅक्रॉस संघटना स्थापन करावी लागली.

यांत विशेष तें काय, असें आजच्या वाचकास वाटेल. त्या काळची समजूत लक्षांत आणिल्याशिवाय याचें महत्त्व कळणार नाहीं. सन १८७३ मध्यें बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क नांवाच्या डॉक्टरांनीं एक पुस्तक लिहिलें. मुलींनीं मुलांच्या बरोबरीनें अभ्यास केला तर त्यांची प्रकृति कायमची बिघडेल व मातृत्वास त्या मुकतील, असें त्यांत प्रतिपादन केलें होतें. डॉक्टरांचें म्हणणें, तेव्हां घरोघर तें शास्त्र मानलें गेलें. यास तोंडी उत्तर पुष्कळांनीं दिलें. पण अधिक परिणामकारक उत्तर मैदानावर मिळालें. ज्या मुली सकाळीं लॅटिन शिकत व दुपारीं तासभर धांवत, त्या आजारी पडत नव्हत्या, एवढें दिसलें म्हणजे पुस्तकाची निम्मी भीति गेली.

बाल्टिमोर येथील ब्रिन मॉर शाळेचा जन्म याच वादांतून झाला. अमेरिकेंतील पहिल्या कॅथलिक बिशपांचें पीठ १७८९ सालीं ज्या शहरांत स्थापन झालें तेंच हें बाल्टिमोर. परंतु ही शाळा कोणत्याहि धर्मपंथाची नव्हे. मेरी गॅरेट, कॅरी थॉमस आणि त्यांच्या तीन मैत्रिणी यांनीं १८८५ मध्यें ती काढली. क्लार्क यांच्या पुस्तकानें आपल्या तरुणपणावर किती दाट छाया पाडली होती, हें थॉमसबाईंनींच पुढें सांगितलें आहे. मुलींना महाविद्यालयासाठीं पूर्ण तयार करावयाचें हा शाळेचा हेतु, आणि त्याच्या जोडीला व्यायामशाळा. ग्रीक विद्येवरील ग्रंथांमुळें प्रसिद्ध झालेल्या एडिथ हॅमिल्टन यांनीं सन १८९६ पासून १९२२ पर्यंत तेथें मुख्याध्यापिकेचें काम केलें. म्हणजे जमीन चांगली नांगरलेली होती, बीं तेवढें पडावयाचें होतें.

तें बीं रोझाबेल सिंक्लेअर यांनीं आणलें. त्या सेंट लेनर्ड्सच्या विद्यार्थिनी. तटाच्या आंतल्या त्या मैदानावर त्या लॅक्रॉस शिकल्या, आणि पुढें अमेरिकेंत येऊन ब्रिन मॉर शाळेंत मुलींचे खेळ त्यांच्याकडे आले. १९२६ सालीं त्यांनीं तेथें मुलींचा लॅक्रॉस संघ उभा केला. अमेरिकेंत मुलींना हा खेळ शिकविण्याचे प्रयत्न त्यापूर्वींहि झाले होते. ते टिकले नाहींत. हा टिकला, आणि म्हणूनच अमेरिकेंतील मुलींच्या लॅक्रॉसचा इतिहास या शाळेपासून व या वर्षापासून सांगितला जातो.

हाच प्रयत्न कां टिकला? आमच्या मतें याचें एक कारण शहर आहे. बाल्टिमोरमध्यें पुरुषांचें लॅक्रॉस आधींच मुरलेलें होतें. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा संघ इतका बलिष्ठ कीं, १९२८ व १९३२ च्या ऑलिंपिक उत्सवांत प्रदर्शनार्थ झालेल्या सामन्यांत अमेरिकेच्या वतीनें तोच खेळला. ज्या घरांत भाऊ काठी घेऊन अंगणांत चेंडू भिंतीवर आपटतो, त्या घरांतील बहिणीला काठी धरण्यास शिकविणें सोपें. पण हेंच कारण उलटहि फिरलें असतें, कारण भावाचा खेळ धसमुसळा. शिरस्त्राण घालावें, अंगावर धडक द्यावी, काठीनें प्रतिपक्षाच्या हातांवर प्रहार करावा, अशी त्याची रीत. बहिणीनें असें खेळावें याला त्या काळचा कोणता बाप संमति देणार? येथें सिंक्लेअरबाईंची करामत दिसते. त्यांनीं भावांचा खेळ मुलींसाठीं सौम्य करून दिला नाहीं. स्वतः ज्या शिकल्या होत्या तो, स्कॉटलंडांत वाढलेला, निराळाच खेळ त्यांनीं शिकविला.

या खेळाचा निराळेपणा थोडा तपशिलानें सांगितला पाहिजे, कारण शिकविणाऱ्याचें सारें कौशल्य त्यांतच आहे. मुलींच्या काठीची जाळी उथळ असते. पुरुषांच्या जाळीला खोलगा असल्यानें चेंडू तींत बसून राहतो; मुलींच्या जाळींतून तो क्षणांत घरंगळतो. म्हणून धांवत असतां काठी दोन्ही हातांनीं सतत डावी-उजवीकडे झुलवावी लागते. इंग्रजींत या क्रियेला पाळणा हलविण्याचेंच नांव आहे, आणि तें यथार्थ आहे. मनगट सैल, खांदे मोकळे, दृष्टि चेंडूवर नव्हे तर पुढच्या सवंगडीवर. वेग वाढला तरी झोका मोडतां कामा नये. हें अंगीं बाणण्यास महिने लागतात. अंगाला अंग लागूं द्यावयाचें नाहीं, त्यामुळें धडक देऊन चेंडू हिसकून घेण्याचा मार्ग बंद. पाय चपळ पाहिजेत आणि दुसरी कोठें वळेल हें आधीं ओळखलें पाहिजे. त्या काळीं बाजूस बारा मुली असत, आणि मैदानाला आंखलेली सीमा नव्हती. झाडें, कुंपण, उतार जेथें येई तेथपर्यंत मैदान असे. पंचानें शिटी फुंकली कीं प्रत्येकीनें जेथल्या तेथें थांबावयाचें, एक पाऊलहि सरकावयाचें नाहीं, असा तेव्हां नियम होता. धांवण्याच्या ऐन भरांत एका आवाजासरशीं चोवीस मुली पुतळ्यांसारख्या उभ्या राहिलेल्या पाहणें मोठें मौजेचें असे.

येथें एक चमत्कारिक योग दिसून येतो. मूळ रहिवासी लोकांच्या जुन्या खेळालाहि आंखलेली सीमा नव्हती, आणि लोखंडी जाळीचा मुखवटाहि नव्हता. पुरुषांचा खेळ विद्यापीठांतून वाढतांना मैदान आंखलें गेलें, चिलखत आलें, डावपेंच आले. मुलींनीं मात्र १८८४ मध्यें लम्स्डेनबाईंनीं पाहिलेल्या खेळाची मोकळी ठेवण पुष्कळ अंशीं राखली. स्वतः सिंक्लेअरबाईंचें मत असें कीं, मुलींचा खेळ ही शिस्तीची करमणूक आहे, आणि टोळीयुद्धासारख्या पुरुषी खेळाशीं तिचें साम्य काठीपलीकडे फारसें नाहीं. शिकविण्याच्या दृष्टीनें हें मत त्यांना उपयोगी पडलें, पालकांची भीति त्यानें दूर झाली. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र तें अपुरें आहे. टोळी हा शब्द येथें दूषण म्हणून आला, आणि ज्या लोकांनीं जगाला हा खेळ दिला त्यांचा वांटा त्यांत झांकला गेला. त्या पिढीच्या बहुतेक युरोपियन शिक्षकांची दृष्टि अशीच होती.

आणखी एक गोष्ट. ज्या मुलींना हा खेळ मिळाला त्या सुखवस्तु घरच्या, फी भरून शिकणाऱ्या होत्या. त्या काळचें बाल्टिमोर वर्णभेदानें दुभंगलेलें होतें. काळ्या मुलींच्या शाळा वेगळ्या, आणि या मैदानांचीं फाटकें त्यांना उघडीं नव्हतीं. त्या शहरांतील मॉर्गन स्टेट या काळ्या लोकांच्या महाविद्यालयानें १९७० च्या सुमारास पुरुषांचा लॅक्रॉस संघ काढला, आणि १९७५ मध्यें वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाच्या नामांकित संघास हरविलें, तेव्हां शहराचे डोळे उघडले. सिंक्लेअरबाईंच्या कार्याचें मोल यानें कमी होत नाहीं, पण त्याची मर्यादा समजते.

एका शाळेचा एक संघ कितीहि उत्तम झाला तरी तो खेळणार कोणाशीं? म्हणून यशस्वी शाळाशिक्षकास प्रतिपक्षहि स्वतःच निर्माण करावे लागतात. शेजारच्या शाळांनीं काठ्या घेतल्या, शाळा सोडून गेलेल्या मुलींनीं आपापल्या गांवीं मंडळें काढलीं, आणि १९३१ सालीं अमेरिकेंतील स्त्रियांची लॅक्रॉस संघटना स्थापन झाली. यांत जॉइस क्रॅन प्रभृति इतर शिक्षिकांचे श्रमहि मोठे होते. महाविद्यालयांत प्रगति सावकाश झाली. स्वीट ब्रायर आणि विल्यम अँड मेरी या दोन महाविद्यालयांच्या मुलींचा पहिला सामना १९४१ मध्यें झाला. तेथून पुढें कित्येक वर्षें हा खेळ पूर्व किनाऱ्यावरील कांहीं शाळांपुरताच राहिला. पैसा नाहीं, प्रेक्षक नाहींत, वृत्तपत्रांत चार ओळी नाहींत. शिक्षिकांच्या आस्थेवर तो जगला. १९७२ च्या कायद्यानें सरकारी मदत घेणाऱ्या विद्यालयांत मुलामुलींत भेद करण्यास मनाई केली, तेव्हां महाविद्यालयांना मुलींच्या खेळांवर खर्च करणें भाग पडलें. तोंपर्यंत हा खेळ जिवंत ठेवणाऱ्या बाया नसत्या, तर खर्च करावयास खेळच उरला नसता.

यानंतरचीं वर्षें भराभर गेलीं. १९८२ मध्यें महाविद्यालयीन स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व ती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानें जिंकली. त्याच वर्षीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला व तो अमेरिकेनें मिळविला. बाल्टिमोरजवळील मॅकडोनो शाळेच्या मुलींनीं २००९ ते २०१८ या काळांत लागोपाठ १९८ सामने जिंकले. हा आंकडा वाचून मान डोलवावी, पण ज्या दिवशीं शेवटीं पराभव झाला त्या दिवशीं जिंकणारा संघहि त्याच पंचक्रोशींतील शाळांच्या परंपरेंत वाढला होता, हें अधिक बोलकें आहे. शाळांशाळांत चुरस इतकी कीं, जग जिंकणें एखादे वेळीं सोपें, शेजारीण जिंकणें कठीण.

सिंक्लेअरबाईंना ‘लॅक्रॉसच्या थोर बाई’ अशा अर्थाच्या उपाधीनें ओळखत. अमेरिकेच्या राष्ट्रीय लॅक्रॉस कीर्तिमंदिरांत १९९२ सालीं त्यांचें नांव दाखल झालें. हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. कीर्तिमंदिरांत तोंवर केवळ पुरुषांचींच नांवें होतीं, आणि संघ उभा केल्याला सहासष्ट वर्षें लोटलीं होतीं. शाळेंतील शिक्षकांना असा विलंब नवा नाहीं.

मूळ मालकांची कथाहि पुढें सरकली. हॉदेनोशोनी लोकांनीं १९८३ सालीं आपला राष्ट्रीय संघ काढला व १९९० मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें जागतिक स्पर्धेंत तो आपल्याच ध्वजाखालीं उतरला. स्त्रियांचा संघहि पुढें निघाला. हें सोपें नव्हतें. जुन्या रीतीप्रमाणें पुरुषांच्या काठीला स्त्रियांनीं स्पर्श करावयाचा नसतो, त्यामुळें घरांतूनच विरोध झाला. त्यांच्या मुली आज जागतिक स्पर्धांत खेळतात.

शेवटचा टप्पा आपल्या मुंबईंत घडला. १६ ऑक्टोबर २०२३ रोजीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबई येथील अधिवेशनांत, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीं पांच खेळ मंजूर झाले. आपल्या वर्तमानपत्रांनीं मोठ्या अक्षरांत क्रिकेटची वार्ता छापली, आणि तें साहजिक होतें. त्याच ठरावांत, क्रिकेटच्या शेजारीं, लॅक्रॉस होतें. १९०४ सालीं सेंट लुईस येथें व १९०८ सालीं लंडन येथें तें ऑलिंपिकमध्यें पदकासाठीं खेळलें गेलें. दोन्ही वेळां कॅनडा जिंकला, आणि सेंट लुईसला तिसरा क्रमांक मोहॉक संघास मिळाला. हॉदेनोशोनी संघास २०२८ मध्यें स्वतःच्या ध्वजाखालीं येऊं द्यावें अशी मागणी झाली आहे. त्यांची मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिति नाहीं, या कारणावरून तिला अडथळा आला. १९०४ व १९०८ चे सामने केवळ पुरुषांचे होते. लॉस एंजेलिस येथें बाजूस सहा-सहा जणींच्या आटोपशीर स्वरूपांत स्त्रियांचे सामनेहि पदकासाठीं व्हावयाचे आहेत. ऑलिंपिकच्या इतिहासांत त्यांची ही पहिलीच वेळ.